खालची टाकी

रामटेके सर कोणाच्याही घरी गेले की आधी विजेचा मेन स्विच कुठे आहे ते शोधत आणि तो दिसल्यावरच चपला काढीत. भैंसा येथील आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवीत आणि मी मराठी. त्यांच्या या सवयीला आम्ही सगळे हसत असू. ते रागावत नसत. "हसा जी," म्हणत, "भेनारा मानूस सगळ्यात आधी मरत नाई."

त्यांच्या भीतीला कारण होते. त्यांचे वडील शेतातल्या मोटारीवर विजेच्या धक्क्याने गेले, आणि ते सरांनी लहानपणी डोळ्यांदेखत पाहिले होते. अशा माणसाच्या घरी माशांची काचेची टाकी पाहून मी चकित झालो. ती त्यांच्या आईसाठी होती. म्हातारीची दृष्टी जवळजवळ गेली होती. टाकीतल्या पाण्याच्या आवाजावरून तिला घरातली दिशा कळे. तो थांबला की ती कावरीबावरी होई.

सगळी रचना सरांनीच केली होती. वर मासे, आणि लोखंडी स्टँडखाली दुसरी टाकी. वरचे पाणी नळीने खाली येई, स्पंजातून गाळले जाई आणि कूलरचा पंप ते पुन्हा वर चढवी. ही खालची टाकी किती मोठी घ्यावी, या विचारात त्यांनी अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली.

"मासे वर आहेत सर, खालच्या टाकीची एवढी काळजी कशाला?" मी विचारले.

"करंट गेला तं? पंप थांबला का वरचं पानी खाली उतरते. त्याले जागा नको का? नाई तं फरशीवर येते. बोर्ड पार खाली हाये, वर घ्यायचा तं घरमालक भिंत फोडू देत नाई. अन माय उघड्या पायानं फिरते."

पण स्टँडखाली मध्यम आकाराचीच टाकी मावली. सरांनी ती अर्धी रिकामी ठेवली आणि त्यावर समाधान मानले.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळ कधीमधीच येई. तो आला की घागरी, बादल्या, तपेली, सारे काठोकाठ भरून ठेवायचे, ही गावातल्या बायांची रीत. अर्धे भांडे ठेवणे म्हणजे पाण्याचा अपमान. त्या दिवशी सकाळी नळ आला होता. दुपारी सर आणि मी त्यांच्या घराच्या ओट्यावर बोलत बसलो असताना आतला पंखा थांबला. वीज गेली. थोड्या वेळाने फरशीवर पाणी सांडल्याचा आवाज आला, आणि सरांचे वाक्य अर्ध्यावर तुटले.

आम्ही दारात धावलो. खालची टाकी ओसंडून वाहत होती. पाणी भिंतीपर्यंत पोचून बोर्डाला भिडले होते, आणि त्या पाण्याच्या मधोमध म्हातारी हातात लोटा घेऊन उभी होती, पायाने फरशी चाचपडत. गेलेली वीज कोणत्याही क्षणी परत येणार होती.

"माय, हालू नको! भिंतीले हात लावू नको!"

"काऊन वरडून राह्यला रे? मी बहिरी हाये का?"

मी उंबरठ्यावर होतो. पाणी माझ्याकडे सरकले तसा मी पाय मागे घेतला. तो पाय मी ठरवून घेतला नव्हता, पण घेतला एवढे खरे. सर ओट्यावरच्या मेन स्विचकडे धावले. एका हाताने त्याची दांडी हलेना. शेवटी दोन्ही हातांनी त्यांनी ती खाली ओढली. जरा वेळाने शेजारचा रेडिओ गाऊ लागला. गल्लीत वीज आली होती. सरांच्या घरात नव्हती. दांडी खालीच होती, तरी सर ती सोडायला तयार नव्हते.

आतून म्हातारी बोलतच होती. "पानी वाया चाललं बाप्पा! अर्धी टाकी ठेवते का कोनी? म्या भरली. एवढीशी काऊन आनली तुनं?"

मला वाटले, आता सर तिच्यावर ओरडतील. ते पाण्यातून चालत गेले, तिला बाजेवर बसवले आणि सदऱ्याने तिचे पाय पुसू लागले. "चुकलं माय. मोठी आनतो."

त्यांनी स्टँड उंच करून घेतला आणि बरीच मोठी टाकी आणली. तिला निम्म्या उंचीवर एक भोक पाडून नळी अंगणात सोडली, म्हणजे जास्तीचे पाणी आपोआप बाहेर जाई. मी म्हणालो, "आईंना भरू नका म्हटले असते तर सोपे झाले असते."

"तिच्या हाताले तेवढंच काम उरलं भाऊ. तेबी घेऊ का?"

भीती म्हणजे काय, हे मी तोवर फार सोपे समजत होतो. सरांची भीती अखेरपर्यंत गेली नाही. म्हातारी होती तोवर दर नळाच्या दिवशी ते तिच्याजवळ बसत. ती चाचपडत एकेक लोटा टाकीत ओती, आणि प्रत्येक लोट्याला त्यांचा चेहरा पांढरा पडे. पण "पुरे" हा शब्द त्यांनी तिला कधीही ऐकू दिला नाही.