महानायकाच्या खांद्यावरचं घोंगडं

सांगलीत दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. तिथं बसून आम्ही दहा-बारा जण एका परदेशी महानायकाला उडवायचो. म्हणजे तो दोरांना लोंबकळायचा आणि आम्ही कंप्युटरवर ते दोर पुसायचो. खाली दाढा उपटल्या जात, वर जग वाचवलं जाई.

हे काम आटपाडीकडच्या आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, समजावताना माझी पार दमछाक व्हायची. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला.

"म्हंजी दिसतंय ते पुसायचं, आन् पुसल्यालं कुणाला कळाय नगं. मग तू केलंस काय रं?"

भावकीत कुणी विचारलं तर ते विषयच बदलत. मला वाईट वाटायचं. माझ्या कामाला त्यांनी एकदा तरी काम म्हणावं, एवढीच माझी आस होती.

पुढं मला बढती मिळाली. दोरांवरून थेट महानायकाच्या पाठीवरच्या लाल शेल्यावर. उड्डाणाच्या दृश्यात शेला आणि शेल्यासकट तो आख्खा माणूस कंप्युटरवर घडवायचा होता. परदेशातून सात वेळा एकच शेरा आला : कापडाला वजन नाही. जो गडी इमारती उचलून फेकतो, त्याच्या अंगावरच्या फडक्याची केवढी ही काळजी! वैतागून मी रविवारी गाव गाठलं आणि आबांना घोंगडं घेऊन माळावर पळायला लावलं.

"येडा झालास का? मागं कुत्रं न्हाई, म्होरं मेंढरं न्हाईत. पळू कशाला?"

"जग वाचवाय, आबा."

पळाले बिचारे. निघताना सवयीप्रमाणं त्यांनी डावा खांदा उडवून घोंगडं सावरलं. मी मोबाईलवर सगळं टिपलं.

ते बघत बघत मी शेल्याची एकेक घडी जुळवली. त्या नादात खांद्याचा झटकाही उतरला. महानायक उडण्याआधी मेंढरं हाकायला निघाल्यासारखा खांदा उडवू लागला आणि मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. आमच्याकडं असंच निघतात. परदेशी साहेब मात्र हरखले. पात्राला अखेर स्वभाव सापडला म्हणे!

सिनेमा सांगलीत लागला तेव्हा आबांना घेऊन गेलो. आमचं दृश्य जेमतेम दोन सेकंदांचं. मी पडद्याऐवजी आबांकडं बघत होतो. त्यांनी अंधारात नुसता खांदा उडवला. शेवटी नावं सुरू झाली, लोक उठून गेले, आम्ही दोघं बसून राहिलो. जेवण पुरवणाऱ्यांचीसुद्धा नावं आली, माझं आलं नाही. मी ओशाळलो.

पुढच्या आठवड्यात आटपाडीच्या मेंढरांच्या बाजारात ते एका पाहुण्याला काहीतरी रंगवून सांगत होते. मी मागंच उभा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"इंग्रजी सिनेमात मी पळालोय."

पाहुणा हसला. "मग आमाला दिसला न्हाईसा ते?"

"दिसणार कसा? पोरानं पुसलं की मला. घोंगडंबी पुसलं. निस्ता खांदा ठेवला. हुडकून घावायचं न्हाई गड्या, लय सफाईचं काम हाय त्याचं."