बी विंगमागची घूस

घुशीला दार उघडता येत नाही. खटका पडला की पिंजऱ्याचं दार बाहेरूनच वर उचलावं लागतं, आणि त्यासाठी माणसाचा हात लागतो. तरी आमच्या पिंजऱ्यात रोज सकाळी लेंड्या असायच्या, भजी फस्त झालेली असायची, दार सताड उघडं असायचं आणि घूस नसायची! म्हणजे आमच्याच सोसायटीत कुणीतरी फितूर होतं. मी नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

मुलुंडला आमच्या बी विंगच्या मागे छोटंसं लॉन आहे. बॉटनी शिकून नुसतं सर्टिफिकेट भिंतीला लावायचं नसतं, म्हणून दोन वर्षं खपून मी ते केलं. डेब्रिज उचललं, ओल्या कचऱ्याचं खत घातलं, गवताचा तुकडा न् तुकडा हाताने लावला. मग तिथे घूस आली. घूस एक बीळ खणते आणि बाहेर मातीचा एक ढीग टाकते. दोन महिन्यांत जेवढे ढीग साचले, साधारण तेवढेच किस्सेही साचले.

*

सुरुवात पंधरा ऑगस्टला झाली. झेंडावंदन लॉनवर. राष्ट्रगीत झालं, आमचे सेक्रेटरी देसाईकाका गळ्यात हार घालून फोटोसाठी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, आणि खुर्चीचा मागचा एक पाय सरळ बिळात! काका हळूहळू, अगदी सन्मानाने, आडवे झाले.

आडव्यानेच त्यांनी घोषणा केली, "वार्षिक सभेपर्यंत ही घूस गेली नाही, तर इथे पेव्हर ब्लॉक! पार्किंग करून टाकू!"

"काका, सगळीकडे सिमेंट ओतल्यावर पाणी मुरणार कुठे?" मी तावातावाने विचारलं.

"आधी मला उठव. मग पाणी मुरव."

फोटो मात्र झकास आला.

*

विष घालायचं नाही, ही माझी अट. म्हणून पिंजरा. आता त्यात लावायचं काय?

तळमजल्यावरच्या जोशीकाकू म्हणाल्या, "कांदाभजी. वासाने माणसं येतात, घूस का नाही येणार?"

दुसऱ्या मजल्यावरचे परबकाका हसले. काका मालवणचे, गिरणीत होते, आणि गिरणीत काय कमी घुशी होत्या! "गो बाय, घुशीक काय संकष्टी आसा? सुको बांगडो लाव."

"सोसायटीच्या आवारात मासळी? मुळीच नाही!" काकू गरजल्या.

शेवटी दोन पिंजरे लावले. एक व्हेज, एक नॉनव्हेज. सकाळी व्हेज पिंजऱ्यातली भजी मुंग्यांनी खाल्लेली. नॉनव्हेज पिंजऱ्यात जोशीकाकूंची मनी! जन्मापासून फक्त दूधभात खाणारी, पूर्ण शाकाहारी मनी. मिशीला बांगड्याचा काटा.

काकूंनी तिला कडेवर घेतलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "कुतूहल असतं हो जनावराला."

दुसऱ्या दिवसापासून फक्त भजी. आणि दुसऱ्या दिवसापासूनच ते उघडं दार.

*

गणपती आले. देसाईकाका गावी गेले आणि जोशीकाकूंनी युद्धबंदी जाहीर केली. "बाप्पा घरात असताना त्याचं वाहन पकडायचं नाही."

"काकू, वाहन उंदीर आहे. ही घूस आहे. वेगळी जात!"

"स्कूटर काय आणि ट्रक काय, वाहनच ना?"

मी पिंजरा उलटा घालून ठेवला. काकूंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि बिळापाशी मोदक ठेवला. सकाळी मोदक नव्हता, पण मातीचा नवा ढीग होता.

"बघ," काकू खूश, "प्रसाद घेऊन गेली. आता त्रास देणार नाही."

त्या दिवशी तिने माझी सगळी लिली उपटली.

*

विसर्जनानंतर तीनच दिवसांत ती सापडली! केवढी होती म्हणून सांगू! पिंजऱ्यात मावत नव्हती आणि डुकरासारखी घुरघुरत होती. मला वाटलं, संपलं, बाग वाचली!

मी म्हणत होते खाडीकडे सोडू. परबकाकांचे गुडघे म्हणत होते नको. मग जे कुठल्याही सोसायटीने केलं असतं तेच आम्ही केलं. मागच्या भिंतीला भगदाड आहे, त्यातून तिला शेजारच्या सोसायटीत सोडलं. आदर्शवाद मी आयुष्यात एवढ्या पटकन कधी गुंडाळला नव्हता. फक्त अभ्यास म्हणून सोडण्याआधी गजांतून तिच्या पाठीवर गुलाबी नेलपॉलिशचा एक ठिपका दिला.

चार दिवसांनी पिंजऱ्यात पुन्हा घूस. पाठीवर गुलाबी ठिपका. आणि त्याच्या शेजारी हिरव्या ऑइलपेंटचा दुसरा ठिपका!

तेवढ्यात भिंतीपलीकडून एका आजोबांचा वैतागलेला आवाज आला, "अहो, आमच्याकडे नका पाठवू! परवाच परत केली होती!"

आता खाडीच. मी रिक्षा बघायला धावले. लिफ्टपाशी देसाईकाकांच्या बॅगा पडल्या होत्या, ते नुकतेच गावाहून आले होते. मी पाच मिनिटांत रिक्षा घेऊन परतले, तर पिंजऱ्याचं दार उघडं!

परबकाका चहाला वर गेले होते. मी त्या दिवशी रडले. लपवण्यात अर्थ नाही.

*

वार्षिक सभा, रविवारी सकाळी, गच्चीवर. देसाईकाकांनी चष्मा लावला. "विषय क्रमांक चार. बी विंगमागे पेव्हर ब्लॉक."

मी उभी राहिले. "काका, दहा दिवसांत पिंजऱ्यात एकही घूस सापडलेली नाही. म्हणजे ती गेली. बाग राहू द्या." सकाळचा ताजा ढीग मी स्वतः पायाने सपाट करून आले होते.

"गेली?" देसाईकाका उसळले. "काहीतरीच! आज सकाळी सहा वाजता पिंजऱ्यात बसली होती! चांगली गुबगुबीत! पाठीवरचे दोन्ही ठिपके शाबूत!"

गच्चीवरच्या सगळ्या माना देसाईकाकांकडे वळल्या.

परबकाकांनी सावकाश विचारलं, "मगे आता खंय आसा ती?"

देसाईकाका फायलीत काहीतरी शोधू लागले. बराच वेळ शोधलं. मग पेन काढून त्यांनी विषय क्रमांक चारवर एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "पाच. पाण्याची टाकी."

तेव्हा आमचे वॉचमन मोरेमामा चहाचा ट्रे घेऊन वर आले होते. एकेक कप पुढे करत अगदी सहज बोलले, "साहेब रोजच सोडतात की. फिरायला जाताना दार उचलतात आन् तिला सांगतात, 'पळ गं बाई, ती पोरगी यायच्या आत!'"