रुंद स्की, अरुंद दाते

लुद्विक आर्ह भित्रा आहे, हे बोहिन्यच्या तळ्याकाठी शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. लुद्विकला त्याची लाज वाटत नसे. एकतीस वर्षं कारखान्यात स्कीच्या लोखंडी कडा घासल्यावर त्याने घराच्या तळमजल्यावर स्वतःचं बाक टाकलं आणि स्की बसवून द्यायचं काम सुरू केलं. गिऱ्हाईक आलं की तो आधी वजन विचारी, मग उंची, मग "कुठे जाणार?" आणि उत्तर ऐकून असा चेहरा करी, जणू समोरचा माणूस काही परत यायचा नाही. बूट अडकवायचा खटका तो तीनदा उघडून तीनदा मिटायचा. पिळलेला स्क्रू पुन्हा पिळायचा. जिन्यावरून बायको पावला ओरडायची, "अहो, सोडा आता त्या बिचाऱ्याला! तुमचं होईस्तोवर बर्फ वितळेल!"

गाव हसायचं खरं, पण स्की बसवायला गाव त्याच्याकडेच यायचं. लुद्विकने बसवलेली स्की ऐन उतारावर निसटली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

ही भीती घेऊन तो जन्माला आला नव्हता. विशीतला लुद्विक ज्यांनी पाहिला, त्यांचे डोळे अजून चमकतात. उतारावरून असा यायचा की खानावळीच्या ओट्यावर बसलेली माणसं काटेचमचे ताटात ठेवून बघत राहत. काय ती वळणं, काय तो तोल! खाली थांबला की अंगावर बर्फाचा एक कण नसायचा. मग सव्विसाव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, तो आणि त्याचा जिवलग याका वरच्या खिंडीखालच्या खोलगट उतारावर गेले. बर्फ फसवा होता. वर पापडासारखा कडक थर, खाली नुसतं पीठ. त्या काळच्या स्की काठीसारख्या अरुंद. याकाच्या स्कीने पापड फोडला, टोकं पिठात घुसली आणि जागच्या जागी अडकली. याकाचं शरीर मात्र थांबलं नाही. माणसं येईपर्यंत लुद्विक चार तास त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तळ्यापर्यंत आणला तोवर याका उरला नव्हता.

त्या दिवसानंतर लुद्विक झाडं संपतात तिथल्या शेवटच्या लार्च वृक्षाच्या वर गेला नाही. चाळीस वर्षं. आणि त्याला भय बसलं ते मऊ बर्फाचं, माणसाला गिळणाऱ्या बर्फाचं.

त्याची मुलगी नेझा मात्र वरच असायची. तेहतीस वर्षांची, आईसारखी तोंडाळ, बापासारखी सडपातळ. खिंडीपलीकडच्या डोंगरघरात वाटसरूंना जेवूखाऊ घालायचं काम ती आणि तिची मावशी रोझका आळीपाळीने करत. त्या फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ कोसळला. सामान वर नेणारा तारेवरचा पाळणा वाऱ्यामुळे बंद पडला आणि वर असलेल्या रोझकाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या. नेझाला जाणं भाग होतं. ती दुपारी दुकानात उतरली.

"बाबा, रुंद स्की द्या. माझ्या जुन्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, झाडांत कमरेपर्यंत बुडेन मी. एकशे पंधराच्या आहेत ना तुमच्याकडे?"

"एकशे पंधरा मिलिमीटर? ती स्की आहे की दरवाजा?"

"दरवाजाच द्या. दरवाजा बुडत नाही."

जिन्यावरून पावलाचा आवाज आला. "बापलेक मिळून माझ्या घराचे दरवाजे काढू नका म्हणजे झालं!"

लुद्विकने एक रुंद स्की उचलून बाकावर आडवी ठेवली आणि तिच्या मधल्या निमुळत्या भागावर, कमरेवर, हात फिरवला. "हे बघ. पिठात ही नावेसारखी तरंगेल, मान्य. पण वर वाऱ्याने घासलेला कडक बर्फ असेल. तिथे एवढी रुंद पट्टी कडेवर उभी करायची म्हणजे घोट्याची पार वाट लागते. तुझं वजन एकसष्ट. उद्या तुला दोन्ही बर्फ भेटणार, आणि पायात जोडी एकच."

"मग सांगा तुम्ही. तुम्हीच डॉक्टर."

त्याने भिंतीवरून चार जोड्या काढल्या आणि दोन परत ठेवल्या. एकीची कंबर पंचाण्णव, दुसरीची एकशे दोन. पंचाण्णवची कडक बर्फाला बरी, हे त्याला कळत होतं. पण डोळ्यांसमोर याकाची पिठात घुसलेली टोकं आली. त्याने एकशे दोनची पुढे सरकवली. "हिची टोकं जरा वर उचललेली आहेत. घुसणार नाही."

"फक्त एकशे दोन? कंजूष आहात अगदी."

"जिवंत ये, मग पुढच्या वर्षी दरवाजा देतो."

संध्याकाळपर्यंत त्याने खटके बसवले, तीनदा तपासले. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या नव्या रुंदीला कापल्या. त्या पट्ट्यांना तिकडे 'कुत्री' म्हणतात. "कुत्री नीट वाळव रात्री," त्याने बजावलं. मग तो दात्यांच्या भिंतीकडे वळला.

दाते म्हणजे स्कीच्या कमरेला बुटाखाली अडकवायची लोखंडी कमान. दोन्ही बाजूंनी तिचे सुळे खाली उतरतात आणि कडक चढावर बर्फाला चावून धरतात. कमान स्कीपेक्षा अरुंद असली तर बसतच नाही. म्हणून लुद्विकच्या भिंतीवर रांगेने खिळे होते, प्रत्येकाखाली पेन्सिलने स्कीची रुंदी लिहिलेली, आणि त्या त्या खिळ्याला त्या रुंदीचे दाते. त्याने हात वर केला, दाते काढले, फडक्याने पुसले आणि नेझाच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातले.

"दाते घातलेत हं," तो म्हणाला.

"घातलेत हो, देवा. मी जाऊ?"

ती सकाळी सहाला निघाली. रात्री दक्षिणेकडचं ऊबदार वारं सुटलं होतं. पहाटे छपरावर पावसाची बारीक टिपटिप झाली, मग आभाळ उघडलं आणि कडाक्याची थंडी पडली. नऊ वाजता लुद्विकने मक्याचा सांजा आणि दूध संपवलं, दुकानात उतरला आणि दिवा लावला.

एकशे दोनच्या खिळ्यावर दाते लटकत होते.

तो बघत राहिला. मग नजर डावीकडे सरकली. अठ्ठ्याऐंशीचा खिळा रिकामा होता. अकरा वर्षं नेझाचे दाते त्या खिळ्यावरून निघत होते आणि त्याच खिळ्यावर परत येत होते. काल त्याने स्की बदलली, कुत्री बदलली. हात मात्र जुन्या वाटेने गेला.

पहाटेचा पाऊस पिऊन थिजलेली वरची आडवी वाट त्याला दिसायला लागली. लार्चच्या पुढे शंभरेक पावलं, डावीकडे भिंत, उजवीकडे थेट घळ. आज ती वाट काचेची असणार. त्याने नेझाला फोन लावला. लागला नाही. डोंगरघरात लावला.

"अजून नाही आली हो," रोझका म्हणाली. "खिडकीतून वाट दिसत नाही, धुकं आहे. का हो, आवाज असा का तुमचा?"

"तिला मी चुकीचे दाते दिले."

"अहो लुद्विक... आता?"

बचाव पथकाचा प्रमुख गाश्पर खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला अडकला होता. "काका, इथे दोघं कड्यावर लटकलेत. ते उतरले की लगेच निघतो. दोन-अडीच तास धरा. तुम्ही घरी थांबा."

"बरं," लुद्विक म्हणाला, आणि एकशे दोनचे दाते जाकिटात घालून आपले जुने स्कीचे बूट बाहेर काढले.

पावला जिन्यात उभी होती. सगळं तिने ऐकलं होतं. आयुष्यभर नवऱ्याच्या भीतीवर बोटं मोडणारी ही बाई आता भराभर खाली आली. त्याला बुटाच्या कड्या लागेनात. ती खाली बसली, एकेक कडी लावली, वर न बघता म्हणाली, "जा."

रस्ता संपला तिथे गाडी ठेवून त्याने आपल्या जुन्या अरुंद स्की चढवल्या आणि नेझाच्या खुणेवरून निघाला. तिने तीन तास खपून फोडलेली वाट त्याला आयती मिळाली. झाडांत बर्फ मऊ होता, तिच्या रुंद स्कींची खूण पसरट आणि उथळ. बुडाली नाही, बरोबर निवडली मी, असं मनात आलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. प्रत्येक वळणावर वाटे, आता समोर काहीतरी पडलेलं दिसेल. एक हातमोजा, एक काठी. काही दिसत नव्हतं, आणि त्याचीच भीती जास्त वाटत होती.

अकराच्या सुमाराला शेवटचा लार्च आला. धुकं फाटत होतं. लुद्विक झाडाच्या बुंध्याला टेकला. इथून पुढे चाळीस वर्षं त्याच्या पायांनी नकार दिला होता. खूण आणखी वीसेक पावलं दिसत होती, मग बर्फ निळसर चकाकत होता आणि त्यावर खूणच नव्हती. त्याने घळीत बघायचं टाळलं. मग बघितलं. घळ रिकामी होती.

"बाबा?"

चाळीसेक पावलांवर लाल जाकीट उभं होतं. भिंतीला खांदा लावून.

"हलू नकोस!" तो किंचाळला.

"हलता आलं असतं तर इथे शोभेला उभी राहिले असते का?" आवाज तिचाच होता, पण त्यातलं पाणी गोठलेलं. "सुरुवातीला मऊ होता. मग एकदम काच लागली. दाते काढले, बसेनात. वळायला गेले तर घसरले हातभर. फावड्याने एवढीशी पायरी खणलीय, पातं वाकलं. दीड तास झाला. पाय थरथरायला लागलेत, बाबा."

"दाते अठ्ठ्याऐंशीचे आहेत. मी चुकलो."

"कळलं मला. बरोबरचे आणलेत?"

"आणलेत."

"मग फेकू नका हं. झेलता नाही यायचे."

म्हणजे जायला हवं होतं. लुद्विकच्या जुन्या अरुंद स्कींना त्यांचे अरुंद दाते छान बसले. त्याने पहिलं पाऊल टाकलं. सुळे बर्फात कर्रकन चावले आणि तो आवाज त्याच्या दाढांत गेला. दुसरं पाऊल. उजव्या बाजूने घळीतली थंडी अंगावर येत होती, विहिरीवर वाकल्यासारखी. बाराव्या पावलाला डावा पाय उचलेना. उचल, असं तो पायाला मोठ्याने म्हणाला. पाय परक्या माणसाचा असल्यासारखा थांबून राहिला, मग उचलला गेला. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला काठी सोडायची हिंमत नव्हती. त्याने लाल जाकिटाकडे बघणंही सोडलं. फक्त स्कीचं टोक, आणि टोकापुढचा वीतभर बर्फ.

टोक तिच्या स्कीच्या शेपटीला लागलं तेव्हा त्याला कळलं की आपण पोहोचलो.

"द्या," ती म्हणाली. ओठ निळे पडले होते. त्याने जाकिटात छातीशी ठेवलेले दाते एकेक करून दिले. ती वाकली तेव्हा त्याने तिच्या पिशवीचा पट्टा घट्ट पकडला. ती घसरली असती तर दोघंही गेली असती, आणि हे दोघांनाही माहीत होतं. पहिला दाता खट्‌ करून बसला. दुसरा तिच्या गारठलेल्या बोटांतून सुटायला आला, सुटला नाही. बसला.

तिने पाय आपटून बघितला. सुळे चावले.

"चल मागे," लुद्विक म्हणाला. "घरी चल."

"मावशीच्या गोळ्या माझ्याकडे आहेत, बाबा. आणि मागे चाळीस पावलं, पुढे साठ. मी पुढे जाते."

"नेझा, पाया पडतो तुझ्या."

"इथे पडू नका," ती म्हणाली, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जुनी नेझा दिसली. "या पायरीवर उभे राहा, इथे पाय ठरतो. गाश्पर येईल ना?"

"येतोय."

ती निघाली. लुद्विक तिच्या पायरीवर सरकला, भिंतीला खांदा लावला, तिचा खांदा जिथे होता तिथेच. कर्र, कर्र. प्रत्येक आवाजाला त्याचा श्वास अडकत होता, आणि दोन आवाजांमधली शांतता आवाजाहून भयंकर होती. एकदा तिची रुंद स्की कडेवर नीट उभी राहिली नाही, खालच्या बाजूला कलली. लुद्विकच्या तोंडातून नुसती हवा निघाली. ती थांबली, घोटा आत वळवला, पुन्हा निघाली. मग धुक्याने तिला घेतलं. आवाज थोडा वेळ येत राहिला आणि तोही थांबला.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नसतं. मागे लार्चजवळ माणसांचे आवाज आले. गाश्पर आणि त्याचा एक जोडीदार.

"काका! तुम्ही? तुम्ही इथे कसे? नेझा कुठाय?"

"पुढे गेली," लुद्विक वळून न बघता म्हणाला. मान वळवायचीही सोय उरली नव्हती. "विचार, रोझकाला विचार."

गाश्परने छातीवरच्या बिनतारी फोनचं बटण दाबलं. खरखर झाली. मग रोझकाचा आवाज, रडका आणि रागावलेला एकदमच. "पोहोचली! आत्ता दारात बसलीय, बूट काढवत नाहीत तिला. त्या माणसाला सांगा, पोहोचली म्हणून!"

लुद्विकने डोळे मिटले.

"ऐकलंत ना, काका? चला आता, वळा."

"गाश्पर, गावात विचारतील काय झालं. सांग, की लुद्विकने स्की रुंद दिली आणि दाते जुन्या खिळ्याचे. माझ्याकडून नेलेले दाते प्रत्येकाने घरी लावून बघावेत म्हणावं. आजच."

"सांगेन. वळा आता."

"दोर टाक," लुद्विक म्हणाला. "मला वळता येत नाही रे."

गाश्परने दोर सोडवला आणि सुळे रोवत, एकेक पाऊल टाकत, त्याच्याकडे यायला निघाला.