बोलता येईल तेवढंच धावायचं

न्यूमोनियातून उठल्यावरच्या पहिल्याच व्याख्यानात माझे वाक्य मध्येच तुटले. जिला माइक लागत नाही अशी माझी ख्याती; त्या संध्याकाळी मी पाणी पिण्याचे निमित्त करून खाली बसले. घरी आल्यावर माझा मुलगा निनाद म्हणाला, "आई, मालवणला अर्धमॅरेथॉन आहे. दोघं धावू. अट एकच: धावताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की चालायचं."

बोलण्याची अट, आणि मला! डॉक्टरांची परवानगी मिळाली, सराव सुरू झाला. श्वास पुन्हा माझा झाला का, एवढेच मला पाहायचे होते.

पुण्याहून कोल्हापूर, गगनबावडा आणि घाट उतरून वैभववाडी. घाटात अधूनमधून काम निघते. चौकशी करूनच निघा. वैभववाडीला चहा घेतला आणि कणकवलीवरून आचऱ्याला, माझ्या माहेरी पोहोचलो. तुम्ही मालवणात राहणार असाल तर खोली आधी ठरवा. स्पर्धेच्या आठवड्यात भाव चढतात. वहिनीने उकड्या तांदळाची पेज वाढली आणि टोमणाही.

"गो, धावूक इतक्या लांबसून इलंस? आमी एसटी पकडूक रोज धावतंव, आमका कोण पदक देणा नाय!"

आदल्या रात्री पेजच खा. तिखट सुरमई धावून झाल्यावर.

पहाटे मालवणच्या बंदरावरून सुटलो. समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला काळसर दिसत होता. श्वास तपासायला काय बोलावे? मला गाऱ्हाणे आठवले. आमच्याकडे कार्याआधी देवासमोर मागणे मागतात आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव हुंकार देतो. गाऱ्हाणे पुरुषांनीच घालायचे, असे लहानपणापासून ऐकत आले. हा नियम देवाने केलेला नाही. केला असेल तर त्याने माझ्याशी जाहीर वाद घालावा!

"बा देवा म्हाराजा, ही पोरां धावतत, त्यांचे पाय धड ठेव रे म्हाराजा!"

"होय महाराज," निनाद म्हणाला.

रस्त्याकडेला मासळीची टोपली घेऊन उभी असलेली बाई खळखळून हसली. "रे झिला, शाळेत हजेरी देतंस काय? व्हय म्हाराजा म्हण!"

पुढच्या मागण्याला निनादबरोबर आजूबाजूचे अनोळखी धावपटूही ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी खाडीच्या पाण्यासाठी मागितले, माडांसाठी मागितले, जाळ्यात मासळी येऊ दे म्हणून मागितले. कोळंबच्या पुलावर वारा तोंडावर येत होता आणि माझी वाक्ये शाबूत होती. एवढी भरलेली सभा मला कुठल्याच सभागृहात मिळाली नव्हती.

परतीच्या वाटेवर ऊन चढले. त्याच पुलावर "बा देवा" म्हटले आणि पुढचा शब्द आलाच नाही.

"चालायचं," निनाद म्हणाला.

"तू जा पुढे. तुझी वेळ..." वाक्य पुन्हा तुटले.

त्याने ऐकले नाही. माझ्या चालीने चालत, पुण्यात वाढलेल्या तोडक्यामोडक्या मालवणीत त्यानेच सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, माझ्या आवशीचो श्वास तिका परत दी रे म्हाराजा!"

मागून येणाऱ्या दोघातिघांनी "व्हय म्हाराजा" असा हुंकार दिला. मला तेवढेच दोन शब्द जमत होते, तेच मी म्हटले. आयुष्यभर मी बोलले आणि लोकांनी ऐकले; माझ्यासाठी कुणी मागावे आणि मी फक्त "व्हय" म्हणावे, हे सुख मला ठाऊकच नव्हते. पूल संपेपर्यंत चाललो, मग हळूहळू धावलो आणि शेवटची रेषा दोघांनी एकदमच ओलांडली. पदके वहिनीच्या गळ्यात घालून, सुरमई आणि सोलकढीवर ताव मारून घाट चढलो.

पुण्यात परवा पुन्हा व्याख्यान झाले. वाक्य पुन्हा एकदा तुटले. या वेळी मी बसले नाही, पाण्याकडे हातही नेला नाही. उभी राहिले आणि श्वासाची वाट पाहिली. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"