सूर्यभानचा बिल्ला

सूर्यभानच्या बिल्ल्यावर मी पाना घेतला आणि परत ठेवायला विसरलो. मूळ चूक एवढीच. पुढचे मजले मी सावकाश चढवले.

गेल्या महिन्यात गावाकडून, बेलापूरहून फोन आला तेव्हा मी विमानाच्या पोटाखाली उभा होतो. सूर्यभान सकाळी दुकान उघडता उघडता गेला. शटर अर्धं वर, अर्धं खाली... आम्ही एकाच आळीतले. आयटीआय करून विमानदुरुस्ती शिकायला बरोबरच गेलो. सुट्टीत गावी आलो की लोक बिघडलेले पंप, मिक्सर घेऊन दारात हजर. "इमान खोलता, मग ह्ये काय अवघड हाय?" मी खोलायचो, सूर्यभान जोडायचा.

पुढे नोकरीही एकाच हँगरमध्ये लागली. तिथला नियम साधा होता. भिंतीवरच्या फळीवरून हत्यार उचललं की त्या जागी आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा; हत्यार परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. एक जरी बिल्ला लटकत राहिला तरी विमान हलत नाही. इंजिनात पाना राहिला तर वर काय होतं, ते सांगायला कुणी खाली येत नाही.

त्या दिवशी माझे बिल्ले मी खोलीवर विसरलो होतो. "घे माझा, धांदरटा," म्हणत सूर्यभानने आपला दिला. दुपारच्या मोजणीत तोच लटकलेला सापडला. विमान अडलं, सगळे जमिनीवर रांगायला लागले. मीही शोधत होतो, अगदी मन लावून. गुडघा टेकला आणि पोटरीवरच्या खिशात काहीतरी टोचलं. पाना! तेव्हाच बोलायला हवं होतं. पण लायसन्सची परीक्षा तोंडावर आलेली... मी पाना हळूच शिडीमागे सरकवला आणि "सापडला!" म्हणून आरोळी ठोकली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

चौकशीत सूर्यभान एवढंच म्हणाला, "बिल्ला माझा, जबाबदारी माझी." त्याला विमानावरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. विमानावरच्या कामाची लॉगबुकात नोंद नाही, म्हणजे लायसन्स नाही. मला ते मिळालं. पुढे कित्येक वर्षं तो खिडकीतून मला सुटे भाग देत राहिला आणि मी विमानं उडायला लायक असल्याच्या सह्या करत राहिलो. मग तो गावी परतला आणि दुकान टाकून पंपांच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायला लागला. मी दर दिवाळीला जायचो. आज सांगायचंच, असं ठरवून जायचो.

"काही म्हणत होतास?" तो विचारायचा.

"चहा झकास झालाय," मी म्हणायचो.

दहाव्याला माणसं पांगल्यावर मी त्याच्या बायकोला, शालनवहिनींना सगळं सांगितलं. त्या ताटं पुसत होत्या. हात थांबले नाहीत.

"त्यांना ठावं हुतं, भावजी. गुडघा टेकल्यावर तुमी कसं दचकला, त्ये त्यांनी पाह्यलं हुतं."

"मग बोलला का नाही कधी?"

"म्हनायचे, त्याचा तो सांगंल. दर दिवाळीला म्हनायचे, औंदा सांगंल."

"उशीर झाला वहिनी... पण शेवटी सांगितलं मी," कसंबसं म्हणालो.

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"सांगितलं न्हाई तुमी. त्यांच्या मरायची वाट बघितली."