भत्त्याची खोली

आमच्या समोरच्या दारात राहणारा माणूस विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहालयात परिचर होता. साप, सरडे, दोन तोंडांचं वासरू अशी मंडळी तिथे काचेच्या बरण्यांत फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवलेली. त्यांची उस्तवार याच्याकडे: द्राव आटला की भर घालायची आणि झाकण मेणाने पुन्हा बंद करायचं. त्याचं ‘बरणीराव’ हे नाव मीच ठेवलं. ते असं चिकटलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारतो.

तो जिना चढू लागला की त्याच्या आधी त्याचा वास वर यायचा. मी दारातून ओरडायचो, “वहिनी, बरणी आली हो, झाकण उघडा!”

“भाऊजी, तुमच्या जिभेला काही हाड?” असं म्हणत वहिनी हसतच दार उघडायच्या.

या वासाचे विद्यापीठ पैसे द्यायचं. मूळ पगारावर जोखीम भत्ता. मूळ पगारात घर चालायचं आणि भत्त्यात घराचा हप्ता जायचा. भत्ता आहे म्हणूनच दोनाऐवजी तीन खोल्यांचं घर घ्यायची हिंमत केलेली, त्यामुळे वहिनी तिसऱ्या खोलीला भत्त्याची खोली म्हणायच्या. “कात्री भत्त्यात राहिली वाटतं,” असं त्यांचं चालायचं. त्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं आणि एक खिडकी होती. लग्न झाल्यापासून सासू-सासरे, दीर-जावा यांच्यासकट एका खोलीत संसार केलेल्या बाईला दार लावून बसायला मिळालेली ती पहिली जागा.

पुढे बरणीरावाला खोकला लागला. वास बाहेर फेकणारा पंखा बसवा म्हणून त्याने अर्जांवर अर्ज केले. केस पिकले तेव्हा कुठे पंखा आला. विभागप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, चक्क फीत कापली. साहेबांनाही हाच भत्ता होता. संग्रहालय त्यांच्या ताब्यात ना! ते बरण्या बघायचे, पण दाराच्या काचेतून.

फीत कापून झाल्यावर साहेब हळूच म्हणाले, “पंखा आला म्हणजे कागदावर जोखीम संपली. आता समिती हवा तपासायला येणार. आपल्या दोघांचाही भत्ता जाईल बघ.” मग कात्री परत देता देता म्हणाले, “विजेचा काही भरवसा नसतो म्हणा. त्याच दिवशी नेमका बंद पडला, तर कोण काय करणार?”

संध्याकाळी जिन्यात मी नेहमीप्रमाणे टोचलं, “काय बरणीराव, स्वतःच्याच भत्त्यावर पंखा फिरवलास?”

तो हसला नाही. “हिला अजून सांगितलेलं नाही,” म्हणाला. “खोली विकता येत नाही रे एकटी. विकायचं तर घरच विकावं लागेल.”

समिती सकाळी येणार असं कळवलं होतं. बरणीरावाने सकाळीच पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, एकेका बरणीचं मेण खरवडून झाकणं काढली आणि स्टुलावर जाऊन बसला. बाहेर जाण्याची सोय नव्हती, कारण दार उघडलं की वास निघून जाणार, आणि समिती आली तेव्हा परिचर जागेवर नव्हता असा शेरा पडला तर सगळंच मुसळ केरात.

समितीने आधी साहेबांच्या खोलीत चहा घेतला. मग ओळखीपाळखी निघाल्या. त्यात जेवणाची वेळ झाली.

दुपार कलल्यावर दार उघडलं. सगळ्यात पुढे असलेल्या सदस्याने उंबऱ्यावरच रुमाल नाकाला लावला आणि मागच्याला म्हणाला, “लिहा, जोखीम आहे.” हवा मोजायचं यंत्र पिशवीतून निघालंच नाही. सगळे आल्या पावली परतले. आत कुणी पाऊल टाकलं नाही, त्यामुळे स्टुलाशेजारी माणूस पडलाय हे कुलूप लावायला आलेल्या शिपायाला दिसलं.

भत्ता वाचला. बरणीराव दवाखान्यात गेला.

पुढच्या पगारात भत्ता नव्हता. वहिनी मला घेऊन पगार विभागात गेल्या. खिडकीतला कारकून मवाळ होता, तेच जास्त झोंबलं.

“ताई, भत्ता जोखमीचा आहे, आजाराचा नाही. तुमचे मिस्टर रजेवर आहेत, म्हणजे सध्या जोखमीपासून लांब आहेत.”

“लांब कुठली?” वहिनी म्हणाल्या. “जोखीम माझ्या घरात खाटेवर पडलीय. उशीला टेकवून बसवावी लागते तिला.”

“नियमात ‘प्रत्यक्ष कामावर असताना’ असं आहे हो.”

“आणि विभागप्रमुखांचा भत्ता?” मी विचारलं.

“ते कामावर आहेत ना,” कारकून म्हणाला.

डॉक्टरांनी संग्रहालयाचं तोंड बघायचं नाही असं बजावलं. बरणीरावाची बदली ग्रंथालयाच्या दारात झाली. मुलांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या आणि बिल्ला द्यायचा. हवा छान, पगार मूळ. हप्ता मात्र तोच राहिला. वहिनींनी शिवणयंत्र स्वयंपाकघरात ओढलं आणि भत्त्याची खोली भाड्याने दिली.

भाडेकरूही विद्यापीठातलाच मिळाला. गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेला, चाळिशीचा, सज्जन माणूस. संग्रहालयात रिकाम्या जागेवर लागला होता. मूळ पगार तो घरी पाठवतो आणि भत्त्यातून भाडं देतो. पहिल्या संध्याकाळी तो जिना चढू लागला तसा ओळखीचा वास वर आला. सवयीने मी दारात गेलो, तोंडही उघडलं. समोर वहिनी उभ्या होत्या. मी तोंड मिटलं.

परवा पुन्हा समिती येणार असल्याचं पत्रक लागलं. रात्री चहाला मी तिथेच होतो. भाडेकरूने कप खाली ठेवला.

“काका, पंखा चालू ठेवू की बंद?”

स्वयंपाकघरातलं शिवणयंत्र थांबलं. बरणीरावाने आधी तिकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे. खोकल्याची उबळ आली, ती त्याने ओसरू दिली.

“बंद ठेव,” तो म्हणाला. “पण झाकणं सकाळी काढू नकोस. ते जेवल्याशिवाय येत नाहीत.”