दक्षिणेला पाय

राहीबाईंना डावं-उजवं कळत नाही, असं घरातले म्हणतात. ते खरं आहे, पण त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या घरात मिठाचा डबा मावळतीच्या फळीवर असतो, पाहुणा उगवतीच्या खुर्चीत बसतो आणि नात स्वप्नाली भिंतीवर चित्र चिकटवायला लागली की आज्जी चुलीपाशी बसूनच ओरडते, "जरा उत्तरंला घे!" माणसाने कसंही वागावं, पण दक्षिणेला पाय करून निजू नये, ती यमाची दिशा, यावर बाई ठाम. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याचं, निवृत्त सुभेदार लालासाहेबांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाईंनी दवाखान्यातली खाट सलाइनच्या स्टँडसकट फिरवून घेतली. डॉक्टर हसले. सुभेदार वाचले. श्रेय कुणाचं, हे तुम्ही ठरवा; बाईंनी तेव्हाच ठरवून टाकलंय.

त्यानंतर सुभेदार पहिल्यांदा फिरायला बाहेर पडले ते सांगलीच्या छोट्या तारांगणात. हट्ट नातीचा, गाडी मुलाची, साईराजची. चौघं आत शिरले तेव्हा घुमटाखाली गोल मांडलेल्या खुर्च्या जवळपास भरल्या होत्या. साईराज आणि स्वप्नालीला दाराजवळ जागा मिळाली, म्हातारा-म्हातारीला पार कडेला. सगळ्यांची डोकी भिंतीकडे, पाय मधोमध. खुर्ची मागे रेलली तसे सुभेदार ऐसपैस आडवे झाले.

बाईंनी दाराकडे पाहिलं. दुपारचं कललेलं ऊन आत येत होतं, म्हणजे ती मावळत. तिथून त्यांनी मनातल्या मनात दिशा लावल्या आणि आपण उत्तरेच्या भिंतीला आहोत हे कळताच त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"आवं, उठा! पाय दक्षिणंला हायती तुमचं."

"अगं, तारं बघाय आलोय. मराय न्हाई."

"त्वांडातनं काय बी काढू नगा!"

साईराजने लांबूनच कपाळाला हात लावला. माईकवरच्या मॅडम म्हणाल्या, "आजी, बसून घ्या, दिवे घालवायचेत." पण बाई कसल्या बसतात. बरोबर समोर, दक्षिणेच्या भिंतीला, एकच खुर्ची रिकामी होती. तिथे पाय उत्तरेला येणार होते. बाईंनी नवऱ्याला दंडाला धरून उठवलं. ज्यांच्या एका आरोळीवर अख्खी पलटण उभी राहायची, ते सुभेदार लोकांचे पाय ओलांडत मुकाट्याने तिकडे गेले.

दिवे गेले. राहीबाई आपल्या जागी आडव्या झाल्या. ऑपरेशनच्या दिवसापासून हा माणूस आपल्याआधी जाईल, या एकाच भीतीने त्यांना पोखरलं होतं. स्वतःच्या पायांचा विचार त्यांच्या मनातही आला नाही.

"आपल्या घुमटातल्या दिशा बाहेरच्याशी जुळवलेल्या आहेत," मॅडम सांगत होत्या. "हा बघा, उत्तरेला ध्रुवतारा."

सुभेदारांनी ध्रुव पाहिला, मग त्याच्याखाली पाहिलं. ताऱ्यांच्या उजेडात तिथे बायको पडली होती आणि तिचे पाय सरळ त्यांच्याकडे होते. नकाशे वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागलं नाही. ते उठले. अंधारात कुणीतरी "काका, माझा पाय!" म्हणून कळवळलं, मॅडमनी "कृपया उठू नका" म्हणून बजावलं, तरी सुभेदार चाचपडत आले आणि बायकोशेजारी आपल्या जुन्या खुर्चीत आडवे झाले.

"परत कशाला आला?" बाई कुजबुजल्या.

"मला तिकडं ठिवून तू हितं पाय ताणून पडलीस. मला मागं टाकून जायाचा इचार हाय व्हय? तुज्याबिगर मी करू काय?"

सुभेदार असं कधी बोलले नव्हते, आणि अंधार नसता तर आताही बोलले नसते. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पाय दुमडा."

"आं?"

"गुडघं वर घ्या. पाय लांब न्हाईत तर दिशा कसली?"

"मग ह्ये आदी का न्हाई सुचलं?"

"तुमास्नी तसं पडल्यालं बघून माजं डोस्कं जाग्यावर न्हवतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचेही गुडघे पोटाशी घेतले.

वर शनी आला, त्याची कडी आली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुभेदारांच्या पिंढऱ्यांत गोळे आले होते. तरी दिवे लागेपर्यंत त्यांनी पाय खाली सोडले नाहीत.